थांबलेला ठिपका

जुन्नर तालुक्यातील एका बाजारपेठेच्या गावात तीन पिढ्यांपासून कापडाचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांना डोंगराचा नाद शाळकरी वयापासून होता. शिवनेरी तर अंगणातलाच. पण हडसर, चावंड, जीवधन, नाणेघाट ही नावेही त्यांना जुन्या गिऱ्हाइकांच्या नावांइतकीच तोंडपाठ. लग्नसराई आटोपली की एखादा दिवस दुकान थोरल्या भावाच्या हाती सोपवायचे, पाठपिशवीत खाखरे आणि उकळून गार केलेले पाणी घ्यायचे आणि पहाटेच्या एसटीने निघायचे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. पंचावन्नाव्या वर्षी एके रात्री छातीत कळ आली, पुण्यास नेऊन हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला, आणि तो क्रम तुटला.

डॉक्टरांनी यथावकाश चालण्यास आणि पुढे बेताच्या चढणीसही परवानगी दिली. घरून मात्र ती मिळेना. पत्नीचा मुद्दा साधा होता. "दुकानात काही झाले तर एका हाकेसरशी दहा माणसे धावून येतील. तिकडे कोण आहे?" या प्रश्नाला गृहस्थांपाशी उत्तर नव्हते. दोन वर्षे ते दुकानाच्या गच्चीवरून डोंगर पाहत राहिले.

मग पाडव्याला पुण्याहून मुलगा आला आणि त्याने वडिलांच्या हाती एक डबी ठेवली. आत काळे, जाड कडांचे, दिसायला अगदीच ओबडधोबड घड्याळ होते. किंमत तीस हजारांच्या घरातली. ती ऐकताच गृहस्थांनी मनातल्या मनात तिचे साड्यांत रूपांतर केले आणि ते गप्प झाले. मुलाने आईला समजावले, "आई, यात उपग्रहांवरून जागा कळते. बाबा कुठे आहेत ते आपल्याला फोनवर नकाशात दिसेल. हृदयाचे ठोकेही हे मोजते." आईने ते घड्याळ हातात घेऊन बराच वेळ पाहिले. नंतर म्हणाली, "म्हणजे हे यांच्यावर लक्ष ठेवील." मुलाने मान डोलावली. गृहस्थ काही बोलले नाहीत. डोंगराची परवानगी त्या एका वाक्यातून मिळाली होती आणि ते वाक्य पुरते खरे नाही, हे त्यांना पुढच्या आठवडाभरातच कळणार होते.

व्यापाऱ्याला माल पारखून घेण्याची सवय असते. दुकान बंद झाल्यावर रात्री ते माहितीपुस्तिका घेऊन बसत. घड्याळ अमेरिकी सैन्याच्या ८१० क्रमांकाच्या मानकास उतरलेले आहे, असे डबीवर छापले होते. चौकशीअंती कळले की त्या मानकात उष्णता, धक्के, धूळ, कंप अशा कितीतरी चाचण्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या हे बनवणारा ठरवतो. गृहस्थ हसले. कापडावर 'पक्का रंग' असा शिक्का असला की पक्का कशाला, पाण्याला, उन्हाला की घामाला, हे विचारावेच लागते. '१०० मीटर जलरोधक' याचेही तसेच. शंभर मीटर खोल पाण्याच्या दाबाइतका दाब चाचणीत सोसला, एवढाच त्याचा अर्थ; तेवढ्या खोल बुडी मारण्याची ती हमी नव्हे. पावसाला आणि ओढ्याला मात्र हे घड्याळ भीक घालणार नव्हते, आणि त्यांना हवे होते तेवढेच.

उपग्रहांचे प्रकरण त्यांना सर्वांत अधिक भावले. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि प्रत्येक जण आपण कोठे आहोत व आता नेमकी वेळ काय आहे, एवढेच अखंड सांगत राहतो. मनगटावरचे यंत्र ते ऐकते, संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढते आणि निदान चार उपग्रहांचा हिशेब जुळला की आपली जागा ठरवते. चौथा उपग्रह कशाला, असा प्रश्न त्यांना पडला होता. उत्तर मजेशीर होते. मनगटावरचे घड्याळ स्वस्तातले. त्याची वेळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. ही चूक काढून टाकण्यासाठी चौथा साक्षीदार लागतो. अमेरिकेने या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला, १९९५ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाली आणि मे २००० पर्यंत सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. हे वाचून गृहस्थ पुतण्याला म्हणाले, "म्हणजे तोवर काटा मारून माल देत होते!" आता रशियाचे, युरोपचे, चीनचे असे इतर उपग्रहही हे घड्याळ ऐकू शकते आणि मोकळ्या आकाशाखाली चूक काही मीटरांवर येते. कड्याच्या पायथ्याशी मात्र संकेत खडकावर आपटून लांबच्या वाटेने येतात आणि हिशेब बिघडतो. गुहेत तर संकेत पोहोचतच नाहीत.

या साऱ्यात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. घड्याळ फक्त ऐकते. ते उपग्रहाला काहीही सांगत नाही. आपण कोठे आहोत हे आपल्याला कळते. दुसऱ्याला कळायचे तर घड्याळाने ते खिशातल्या फोनला सांगायचे, फोनने मोबाइलच्या मनोऱ्याला, आणि मनोऱ्याने पुढे. सह्याद्रीच्या घळीत मनोरा कुठला? थेट उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे जगात मिळतात. पण ती आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. (परदेशी असलेल्या मुलाबाळांकडून अशी वस्तू हौसेने मागवणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.) सारांश, जेथे खरी गरज तेथेच हे घड्याळ कोणावरही 'लक्ष ठेवणार' नव्हते. गृहस्थांना हे समजले होते. पत्नीला सांगायचे त्यांनी टाळले. आज सांगू, उद्या सांगू, असे करता करता दोन डोंगर होऊन गेले. मग सांगणे अधिकच अवघड झाले. उधारीचे असेच असते; पहिल्या महिन्यात मागितली नाही की पुढे जीभ रेटत नाही.

त्यांतला पहिला डोंगर कळसूबाईचा. महाराष्ट्रातले हे सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर. घड्याळाने माथ्यावर १६१२ दाखवले. गृहस्थ खट्टू झाले. पुतण्याने शोध लावला की घड्याळ उंची मोजते ती मुख्यतः हवेच्या दाबावरून. दाब हवामानाप्रमाणे बदलतो, म्हणून निघताना पायथ्याची ठाऊक असलेली उंची त्यात भरून द्यावी लागते. "अरे, मग हे आधी सांगायचे!" गृहस्थ म्हणाले. पारडी समतोल केल्यावाचून तराजूत माल टाकणारा दुकानदार त्यांनी पाहिला नव्हता. त्यानंतर प्रत्येक पायथ्याशी त्यांनी काटा आधी शून्यावर आणला. मुक्कामाच्या रात्री याचा उलटा उपयोगही होतो, हे त्यांना पुढे उमगले. माणूस एका जागी झोपलेला असताना घड्याळातली उंची बरीच वाढत गेली, तर दाब उतरतो आहे, हवा बिघडू पाहते आहे.

घरात घड्याळाची सर्वांत मोठी चाहती निघाली ती त्यांची वृद्ध आई. त्या पडद्यावर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा दिसत. छापील पंचांगात सूर्यास्त असतो एका मोठ्या शहराचा. इथे तो उभ्या असल्या जागेचा मिळे. चौविहाराची वेळ मिनिटावर आली की त्या नातसुनेला सांगत, "तुझ्या सासऱ्याच्या मनगटावर बघून ये."

चातुर्मास बसला की गृहस्थ डोंगराकडे वळत नसत. पावसाळ्यातल्या हिरवळीवर पाय टाकणे त्यांना रुचत नसे. म्हणून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळेच्या गणवेशांची गर्दी ओसरताच, एकोणीस वर्षांच्या पुतण्याला घेऊन ते हरिश्चंद्रगडास निघाले. वाट खिरेश्वरची. पिंपळगाव जोगा धरणाच्या काठाने गावात यायचे, नागेश्वराचे प्राचीन मंदिर पाहायचे, तोलार खिंडीत कोरलेल्या वाघापाशी दम खायचा, लोखंडी कठड्यांना धरून खडक चढायचा, आणि मग खरी परीक्षा. वर टेकड्यांमागून टेकड्या, गवत, झुडपे, गुरांच्या आणि माणसांच्या एकमेकींत मिसळलेल्या असंख्य वाटा. स्वच्छ हवेत ही वाट गंमतीची; ढग उतरले की भल्याभल्यांना चकवते.

निघताना गृहस्थांनी दोन गोष्टी केल्या आणि दोन्हींमागे व्यापारी बुद्धी होती. घड्याळाची बॅटरी वाचावी म्हणून त्यांनी वाट नोंदवण्याचा बचतीचा प्रकार निवडला. त्यात दर सेकंदाला जागा न टिपता मिनिटा-दोन मिनिटांनी एकदा टिपली जाते. आणि ठोके मोजणारा हिरवा दिवाही त्यांनी बंद केला. पुतण्याने विचारले तेव्हा "बॅटरी खातो" असे सांगितले. खरे कारण वेगळे होते. मागच्या खेपेस चढावर आकडा डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेच्या पुढे गेला होता आणि तो रात्री मुलाच्या फोनवर उमटला होता. त्यावरून झालेले बोलणे त्यांना पुन्हा नको होते.

अकराच्या सुमारास ते मंदिरापाशी पोहोचले. केदारेश्वराच्या गुहेत पाण्यातली पिंड आणि चार खांबांपैकी अभंग उरलेला तो एकुलता खांब पाहिला. गुहेत घड्याळाने संकेत हरवल्याची तक्रार केली, ती अपेक्षितच होती. कोकणकड्याकडे जाण्याचा बेत त्यांनी सोडला, कारण पश्चिमेकडून ढगांची भिंत वर चढताना दिसत होती. खाखरे खाऊन एकला परतीस लागले. अर्ध्या तासात ढगांनी त्यांना गाठले. दहा पावलांपुढचा पुतण्या धूसर झाला, मग दिसेनासा झाला, आणि गृहस्थांनी त्याला मागे बोलावून घेतले.

"काका, घड्याळ आहे ना. आल्या वाटेने परत, असे त्यात देतात," तो म्हणाला. खरोखरच पडद्यावर सकाळची रेघ उमटली आणि तिच्यावर एक बाण. त्या पांढऱ्या शून्यात ती रेघ म्हणजे मोठाच आधार वाटला. तासभर ते तिच्यामागे चालले. मग पायाखालची वाट उजवीकडे वळली आणि रेघ सरळ पुढे गेली. गृहस्थ क्षणभर थांबले. वाट म्हणावी तर अशा वाटा शंभर. रेघ मात्र आपली स्वतःची. त्यांनी रेघ धरली.

जमीन हळूहळू कलली. ओले गवत, त्याखाली सुटी माती. पुतण्याचा पाय सरकला, तो बसकण मारून दोन हात खाली घसरला आणि करवंदीच्या जाळीला धरून थांबला. त्याच्या पायाखालून सुटलेला दगड गडगडत गेला आणि त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

गृहस्थांनी त्याला वर ओढून घेतले आणि दोघे जागच्या जागी बसले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला साधी खोकही महागात पडते, हे त्यांना त्या वेळी आठवले. छातीत धडधडत होते. ती धडधड चढाची, भीतीची की आणखी कशाची, हे सांगू शकणारा दिवा त्यांनीच बंद करून ठेवला होता. आणि रेघ? पडद्यावर ती अगदी सुबक दिसत होती, इतकी सुबक की पायवाट तशी असूच शकत नाही. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी ते घळीच्या डोक्यावरून वळसा घालून आले होते. घड्याळाने वळशाच्या अलीकडे एक टिंब टिपले, पलीकडे एक टिपले आणि दोहोंच्या मध्ये सरळ रेघ ओढून दिली. दिवसभराची विक्री सकाळच्या आणि संध्याकाळच्या गल्ल्यावरून अंदाजाने लिहावी, तशी ती नोंद होती. घड्याळ खोटे बोलले नव्हते. त्याला मधले काही लिहूच दिले नव्हते.

"आता काय करायचे, काका?" पुतण्याचा आवाज कापत होता.

गृहस्थांनी पुन्हा पडद्याकडे पाहिले. या वेळी रेघेकडे नव्हे, सूर्यास्ताच्या वेळेकडे. सव्वासातला दोन-तीन मिनिटे कमी होती. आत्ता वाजले होते पावणेतीन. साडेचार तासांचा उजेड शिल्लक होता. त्या दिवशी घड्याळातला सर्वांत उपयोगी पडलेला आकडा हाच. घाई करण्याचे कारण नाही, असे त्याने सांगितले आणि घाई गेली तसा विचारही सुचू लागला. आपल्याच पावलांच्या चिखलातल्या खुणा पाहत ते मागे वर गेले. खडकावर रंगवलेला शेवटचा दिशादर्शक बाण सापडला, त्याला पाठ टेकून बसले आणि पावसात तसेच बसून राहिले. चार वाजता उरलेले खाखरे संपवले.

साडेचारच्या पुढे घुंगरांचा आवाज आला. दोन गाई आणि त्यांच्यामागे इरले पांघरलेला एक म्हातारा गुराखी. त्याला धुके जणू दिसतच नव्हते. गृहस्थांनी मघाची दिशा बोटाने दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "तिकडं वाट न्हाई, शेठ. तिकडं नुसती घसरण हाये. माझ्या मागनं चला." त्याच्या मागोमाग ते खिंडीत उतरले. गावात पोहोचेस्तोवर अंधार पडला होता. म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत. त्याच्या नातवाचा फोन नंबर तेवढा गृहस्थांनी लिहून घेतला. घड्याळात बॅटरी उरली होती ८८ टक्के.

घरी रात्रीचे दहा वाजले. दारातच भावाने सांगितले, "वहिनी सकाळपासून फोन घेऊन बसल्या आहेत." गृहस्थ आत गेले. पत्नी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. समोर मुलाचा जुना फोन, आणि त्याच्या पडद्यावर नकाशातला निळा ठिपका. तो सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी खिरेश्वरच्या वेशीबाहेर थांबला होता. तिथून पुढे फोनला मनोरा मिळाला नव्हता. मुलाने पुण्याहून चारदा फोन करून सांगितले होते की रेंज नसेल, काळजी करू नकोस. पण तिला माहीत होते ते एवढेच, की घड्याळ लक्ष ठेवते, आणि घड्याळ सांगत होते की हे सकाळपासून एका जागी पडून आहेत, हललेले नाहीत. पंधरा तास ती त्या ठिपक्याकडे पाहत होती. दुपारचे ताट तिने परत ठेवले. संध्याकाळी, आता येतील, मग बरोबरच बसू, असे म्हणत थांबली आणि सूर्य मावळला. आता उद्या सकाळपर्यंत पाण्याचा घोटही नव्हता.

"अहो, हलत का नव्हता तो?" एवढेच तिने विचारले.

गृहस्थ ओल्या कपड्यांनिशी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सारे सांगितले. घड्याळ फक्त ऐकते, हे पाडव्याच्या आठवड्यातच कळल्याचे सांगितले. ठोक्यांचा दिवा का बंद केला होता ते सांगितले. घळीचेही सांगितले, दगडाच्या आवाजासकट. ती मध्ये काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मुलाने मला फसवले नाही. त्यालाही तेवढेच ठाऊक होते. तुम्हाला जास्त ठाऊक होते." आणि उठून तिने त्यांना कोरडा टॉवेल दिला.

पुढे आठ-दहा दिवस घड्याळ कपाटातच होते. गृहस्थांना वाटले, डोंगर आता कायमचा संपला. पण एके दुपारी ती दुकानात आली, गल्ल्यामागच्या गादीवर बसली आणि पुतण्याला म्हणाली, "मला नीट समजावून सांग. कुठे चालते, कुठे चालत नाही." त्याने सांगितले. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली की ठिपका थांबला म्हणजे माणूस थांबला असे नव्हे. मग तिने फडताळातली एक कोरी वही काढली आणि आपल्या अटी मांडल्या. नोंद दर सेकंदाची. दिवसाच्या चालीला बॅटरी पुरते, मग बचत कशाची? हिरवा दिवा चालू. मर्यादा ओलांडली की घड्याळाने मनगटावर थरथरून सांगावे अशी सोय त्यात आहे, ती लावायची आणि थरथर झाली की बसायचे. वाटाड्या बरोबर. जाण्याची वाट, परतण्याची वेळ, पायथ्याच्या गावातल्या एका माणसाचा नंबर, हे वहीत लिहिल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचे नाही. लिहिलेल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर त्या माणसाला कळवायचे, तोवर नाही. ठिपका कोणीही पाहायचा नाही.

कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावरच्या रविवारी गृहस्थ पुन्हा खिरेश्वरला निघाले. या खेपेस फक्त तोलार खिंडीपर्यंत, वाटाड्या म्हणून त्या गुराख्याचा नातू. पहाटे ते चपला घालत असताना ती वही घेऊन दारात आली. तिने आधीच लिहून ठेवले होते: खिरेश्वर ते तोलार खिंड आणि परत, दुपारी एक वाजता. खाली नातवाचा नंबर. तिने पेन पुढे केला. गृहस्थांनी चष्मा लावून सारे वाचले, 'एक'च्या जागी 'दोन' केले, कारण उतरताना आता त्यांना वेळ लागे, आणि खाली सही केली.